देशातली मालवाहतूक नागरिकांसाठी राखीव ठेवावी का? मग एमएच-१५ पुरतीच का नको?

गोदाकाठ

नाशिकच्या अंबड-सातपूरचा माल आधी एमएच-१५च्या, म्हणजे नाशिकच्याच, गाड्यांना मिळावा, ही मागणी द्वारका ते आडगाव नाका पट्ट्यात अधूनमधून डोकं वर काढते. तिचाच थोरला भाऊ म्हणजे देशपातळीवरची मागणी: रस्त्यावरची मालवाहतूक फक्त त्या देशाच्या नागरिकांनीच करावी.

हे नुसतं सभेतलं भाषण नाही. मेक्सिकोच्या १९९३च्या परकीय गुंतवणूक कायद्यात देशांतर्गत मालवाहतूक मेक्सिकन नागरिकांसाठी आणि परकीय भागीदार न घेणाऱ्या मेक्सिकन कंपन्यांसाठी राखीव आहे, कुरिअर तेवढं सोडून. थायलंडच्या १९९९च्या कायद्यानुसार परकी कंपनीला या धंद्यात यायचं तर मंत्रिमंडळाची मंजुरी लागते. झांबियाने २०१७ मध्ये कोंबड्या, बांधकामाचे ब्लॉक आणि देशांतर्गत मालवाहतूक हे धंदे नागरिकांसाठी राखून ठेवले. आपल्याकडे उलट. १०० टक्के परकीय गुंतवणूक चालते, आगाऊ परवानगीही नको.

माझं मत: राखीव असावी. एक-दोन गाड्यांचा मालक स्वस्त परदेशी पैशापुढे टिकणार कसा? कायदा आणि हिशेब माहीत असलेल्यांनी लिहावं. भावनिक प्रतिसाद नकोत, ते मी देईनच.

दहाटायर

गोदाकाठ दादा, आधी राखीव काय ठेवायचं ते ठरवा. गाडी, मालक, ड्रायव्हर की माल?

परदेशी नंबराच्या गाडीने देशातल्या देशात माल उचलायचा नाही, ही झाली गाडीची बंदी. ती जवळपास सगळीकडे आहे. अमेरिकेत मेक्सिकन गाडी माल घेऊन येऊ शकते, पण ह्यूस्टनला भरून डॅलसला उतरवू शकत नाही. तुम्ही म्हणताय तो मेक्सिको किंवा झांबिया म्हणजे मालकाची बंदी. ड्रायव्हिंगचं काम फक्त नागरिकांना, ही तिसरी. थायलंडमध्ये मोटार चालवणं हे थाई लोकांसाठी राखलेल्या कामांत आहे, फोर्कलिफ्टचा अपवाद करून. आणि मालाचा ठरावीक हिस्सा ठरावीक लोकांना, ही चौथी तऱ्हा मध्य आफ्रिकेत आहे.

चारही एका वाक्यात घातले की चर्चा कुठेच पोचत नाही.

निफाडची_थंडी

पाचवं राहिलं. ढाब्यावरची खाट.

वकीलबाणा

दहाटायर यांच्या पहिल्या प्रकाराबद्दल. ही बंदी आपल्याकडे राज्याराज्यांत आधीपासून आहे आणि निम्म्या मालकांना ती फक्त चलन फाटल्यावर कळते.

नॅशनल परमिटच्या जादा अटी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ९० मध्ये आहेत. त्यानुसार नॅशनल परमिटच्या गाडीने एकाच राज्यातल्या दोन ठिकाणांमध्ये माल भरून उतरवायचा नाही. एमएच-१५ची गाडी नाशिकहून सुरतला माल नेईल, सुरतहून इंदूरला किंवा नाशिकला माल आणेल. सुरतला भरून राजकोटला खाली करता येत नाही. स्वतःच्या राज्यात फिरायला मूळ परमिट असतंच. मे २०१० पासूनच्या पद्धतीत वर्षाला १६,५०० रुपये एकत्रित फी भरून देशभर फिरता येतं, ते या अटीसह. शिवाय वयाची अट: साध्या गाडीला १२ वर्षं, मल्टी-अॅक्सलला १५. त्यानंतर गाडी राज्यातल्या परमिटवर.

म्हणजे गुजरातचा अंतर्गत माल गुजरातच्या गाड्यांसाठी, महाराष्ट्राचा महाराष्ट्राच्या. थोरला भाऊ सोडा, धाकटाही कायद्यात आहे. फक्त तो राज्याच्या हद्दीवर थांबतो, जिल्ह्याच्या नाही.

बिल्टीबहाद्दर

नियम आहे, पण पकडतात कसं ते सांगतो. पूर्वी फिरत्या पथकाने बिल्टी, म्हणजे वाहतुकीची पावती, मागितली तरच. बिल्टीवर 'पासून' आणि 'पर्यंत' दोन्ही एका राज्यातले आणि पाटी दुसऱ्या राज्याची, की झालं चलन. त्यावर जुनी युक्ती म्हणजे बिल्टी भिवंडीपर्यंतची दाखवायची आणि माल मधेच उतरवायचा.

मालासोबतचं ऑनलाइन ई-वे बिल आल्यापासून ती चालत नाही. पार्ट अ मध्ये माल निघण्याचा आणि पोचण्याचा पिनकोड, पार्ट ब मध्ये गाडी नंबर. दोन पिनकोड एका राज्यातले आणि नंबर परराज्याचा, हे कुणी रस्त्यावर न उतरता संगणकावर दिसतं. वर फास्टॅगच्या नोंदी. ५०,०००च्या वरच्या मालाला हे लागू. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापासून. बंदी अमलात आणायची साधनं सगळी आहेत. ती आणायची इच्छा नाही, कारण आणली तर आपल्याच गाड्या बाहेर अडकतील.

कसारा_घाट

युरोपात हे गणित कसं बसवलंय तेही बघा. पूर्ण बंदी नाही, पूर्ण मोकळीकही नाही. बाहेरून माल आणलेली गाडी तो उतरवल्यावर त्या देशात सात दिवसांत तीन फेऱ्या मारू शकते. फेब्रुवारी २०२२ पासून वर चार दिवसांचा विराम: शेवटची स्थानिक फेरी संपली की तीच गाडी त्याच देशात चार दिवस स्थानिक माल उचलू शकत नाही. नव्या स्मार्ट टॅकोग्राफमध्ये, म्हणजे गाडीच्या प्रवासाची नोंद ठेवणाऱ्या यंत्रात, सीमा ओलांडल्याची नोंद आपोआप होते, म्हणून ही मोजणी तरी शक्य आहे.

आणि ब्रिटन! युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ड्रायव्हर मिळेनात, तेव्हा ऑक्टोबर २०२१ अखेरपासून एप्रिल २०२२ अखेरपर्यंत परदेशी गाड्यांना १४ दिवसांत हव्या तितक्या फेऱ्या मोकळ्या केल्या. राखीव धंदा अंगावर आला की दार किलकिलं करावंच लागतं.

मालेगावचा_भो

काय भो, युरोप-अमेरिका कशाला, कांदा घ्या ना.

नाशिक जिल्ह्यातून कांदा पेट्रापोलला, म्हणजे बांगलादेशच्या हद्दीला जातो. धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर असं अंतर धरा १,९०० किमी. २८ टनी दहा-टायर, माल साडेअठरा टन, म्हणजे ५० किलोच्या ३७० गोण्या. भरलेल्या गाडीचं अॅव्हरेज ४ धरलं तर ४७५ लिटर डिझेल. ९० रुपयांनी ४२,७५० रुपये. बीएस-६ गाडी असेल तर डिझेलच्या चार-पाच टक्के डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव) वेगळं.

आता समजा पश्चिम बंगालने ठरवलं की आमचा माल फक्त डब्ल्यूबी पाटीच्या गाड्यांना. मग ही गाडी रिकामी परत. रिकाम्या गाडीचं अॅव्हरेज साडेपाच धरा, ३४५ लिटर, सुमारे ३१,००० रुपये. टोल जातानाइतकाच, कारण फास्टॅग अॅक्सल मोजतो, माल नाही. हे ३१,००० कुणी द्यायचे? साडेअठरा टनांवर वाटले तर किलोमागे १ रुपया ६८ पैसे, तेही नुसतं डिझेल. ते लासलगावच्या भावातून कापले जाणार, कोलकात्याचा व्यापारी खिशातून काढून देणार नाही.

आज हे होत नाही कारण परतीला दुर्गापूरचं लोखंड, हल्दियाचा माल मिळतो. परतीचं भाडं कमी असतं, पण डिझेल-टोल निघून वर काहीतरी उरतं. सगळा धंदा त्या 'काहीतरी'वर उभा आहे.

गोदाकाठ

मालेगावचा_भो, हिशेब मान्य. पण तो राज्याराज्यांतल्या राखीवपणाचा झाला. माझा मुद्दा देशाचा. बांगलादेशातून आपल्याला परतीचा माल आजही कुठे मिळतो?

लासलगाव_लाइन

मिळत नाहीच. तीच तर देशपातळीच्या बंदीची किंमत. आपली गाडी कारपासवर, म्हणजे सीमेपलीकडे जायच्या तात्पुरत्या पासवर, बेनापोलच्या यार्डापर्यंत जाते, तिथे माल उतरतो, बांगलादेशी गाडीत भरला जातो. गाडी रिकामी परत येते. २०१५ मध्ये थिंफूला चार देशांचा मोटार वाहन करार झाला तो यासाठीच, पण भूतानच्या संसदेत अडला आणि बाकीच्यांचंही घोडं अडखळत राहिलं. त्या करारातसुद्धा परदेशी गाडीने स्थानिक माल उचलायला मनाई आहेच.

कांद्याच्या बाबतीत खरा फटका डिझेलचा नसतो, थांबण्याचा असतो. गाडी चालू असताना फाळक्याच्या, म्हणजे गाडीच्या फळ्यांच्या, फटींतून आणि ताडपत्रीच्या सैल सोडलेल्या बाजूंनी वारा खेळतो. पार्किंगला रांगेत उभी राहिली की वारा बंद, मधल्या थरांत उष्णता धरते, खालच्या गोण्या पाणी सोडायला लागतात. त्यात पाऊस आला की ताडपत्री चारही बाजूंनी ओढावी लागते आणि मग आत भट्टी. सीमेवरच्या गाड्या म्हणून मागच्या फाळक्याजवळ हात जाईल एवढी जागा ठेवून भरतात, वास आला तर वरचे दोन थर हलवता येतात. आणि बेनापोलला पुन्हा गोण्या डोक्यावरून दुसऱ्या गाडीत. प्रत्येक उतराईत आकडा लागलेली, फाटलेली जाळी वेगळी.

मेक्सिकोच्या हद्दीवर नुएव्हो लारेडोलाही गाडी बदलते, पण तिथे बहुतेकदा फक्त पुढचं हॉर्स, म्हणजे ट्रेलर ओढणारं इंजिन-केबिन, बदलतं. मेक्सिकोतला मोठा पल्ला एकाने आणायचा, पुलावरून पलीकडे न्यायला तिसराच छोट्या पल्ल्याचा हॉर्सवाला, पलीकडे अमेरिकन गाडी. ट्रेलर तोच, सील तेच. त्यामुळे त्यांना परवडतं. राखीव ठेवायचं तर आधी ट्रेलरची संस्कृती हवी. आपला निम्मा माल अजून फाळक्याच्या गाडीत हातानेच भरला जातो.

ताडपत्री

+१. शेवटच्या दोन ओळी कोरून ठेवा.

निफाडची_थंडी

'पुलावरचा तिसराच हॉर्सवाला' हा धंदा चांगला दिसतोय. पल्ला पाच किमी, वादळवारा नाही, घाट नाही. अर्ज कुठे मिळतो?

हिशेबनीस

चौथ्या प्रकाराबद्दल, म्हणजे मालाच्या हिश्शाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

कॅमेरूनच्या दुआला बंदरातून चाडला जाणाऱ्या मालापैकी ६५ टक्के चाडच्या गाड्यांना, ३५ टक्के कॅमेरूनच्या. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकासाठी ६०-४०. वर माल वाटप कार्यालयातून, नंबराप्रमाणे. ज्याचा नंबर, त्याची गाडी भरायची. ऐकायला किती न्याय्य! त्या पट्ट्यातलं भाडं आफ्रिकेतल्या सगळ्यात महाग भाड्यांत गणलं जातं, आणि ते नुसत्या खराब रस्त्यांमुळे नाही.

नंबर पद्धतीत गाडी चांगली ठेवायचं कारणच उरत नाही. नवी घेतली तरी नंबर तोच, जुनी घेतली तरी तोच. मग मालक सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जुनी गाडी रांगेत लावतो, दोन-तीन लावतो. रांग लांबते, प्रत्येक गाडीच्या फेऱ्या कमी होतात. समजा गाडीचा हप्ता, विमा, टॅक्स, ड्रायव्हरचा पगार मिळून महिन्याचा ठोक खर्च एक लाख. महिन्याला ८,००० किमी पळाली तर किलोमीटरला साडेबारा रुपये पडतो. ३,००० पळाली तर ३३ च्या वर. म्हणजे मालक रांगेत उभा राहून नफा कमवत नाही, नुसता ठोक खर्च भागवायला किलोमीटरमागे वीसेक रुपये जादा भाडं मागतो. व्यापारी म्हणतो लुटारू, मालक म्हणतो हातात काही उरत नाही. दोघंही खरं बोलत असतात.

रवांडाने १९९४ नंतर हे मोडून काढलं आणि तिथलं भाडं चांगलंच उतरलं.

इतक्या लांब जायचं नसेल तर हिमाचल. बरमाणा आणि दाडलाघाटचे सिमेंट कारखाने डिसेंबर २०२२च्या मध्यापासून ६७ दिवस बंद होते, ते स्थानिक ट्रक युनियनशी भाड्याच्या वादावरून. फेब्रुवारी २०२३ मध्ये तोडगा निघाला: सिंगल अॅक्सलला टनामागे किलोमीटरला १०.३० रुपये, मल्टी-अॅक्सलला ९.३०. दोन दरांतला हा एक रुपया नीट बघा. मोठी गाडी टनामागे स्वस्त पडते हे युनियनने दरातच मान्य केलं.

सिन्नरकर

हिशेबनीस साहेब, हिमाचलची दुसरी बाजूही लिहा. कारखान्यासाठी जमीन त्यांची गेली. धूळ त्यांच्या गावात. जमिनीच्या बदल्यात पोटापाण्याला गाडी घेतली, कर्जावर. तिथे 'खुली स्पर्धा' म्हणणं म्हणजे जमीन घेऊन झाल्यावर नियम बदलणं. माळेगाव-मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांची जमीन गेली त्यांनी गाड्या घेतल्या असतील, तर त्यांचा पहिला हक्क मला चुकीचा वाटत नाही.

हिशेबनीस

हक्क मान्य, नंबर अमान्य. जमीन गेलेल्यांच्या संस्थेला वर्षाचा ठरावीक टनाचा करार द्या, दर डिझेलच्या भावाला बांधा, वेळेत गाडी लावली नाही तर दंड लावा. मग संस्था स्वतःच भंगार गाड्या बाहेर काढेल. फाटकावर रांग लावून 'पुढच्याचा नंबर' म्हटलं की चांगला मालक आणि टगा एकाच भावात.

वकीलबाणा

नंबर पद्धतीला कायद्याचा आधारही नाही. पंजाबने २०१७ मध्ये नियम करून ट्रक युनियनची मक्तेदारी बंद केली. त्याआधी २०१५ मध्ये किरतपूर साहिबच्या युनियनविरुद्ध स्पर्धा आयोगाचा निकाल आला होता: बाहेरच्या गाडीला माल उचलू न देणं आणि दर लादणं हा स्पर्धाभंग.

गोदाकाठ यांच्या मूळ प्रश्नाला मात्र राज्यघटना वेगळं उत्तर देते. धंदा करण्याचं स्वातंत्र्य, कलम १९(१)(जी), फक्त नागरिकांना आहे. परकी माणूस किंवा कंपनी ते मागू शकत नाही. त्यामुळे देशपातळीवर मालवाहतूक नागरिकांसाठी राखायला घटना आडवी येत नाही, गुंतवणुकीचं धोरण बदललं की पुरे. जिल्ह्यापुरतं किंवा राज्यापुरतं राखायला गेलात की समोरचा नागरिकच असतो, आणि कलम ३०१ सांगतं की देशभर व्यापार मोकळा. हरियाणाने खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के राखले, तो कायदा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला.

एक मेख राहते. १९५०चा भारत-नेपाळ करार, कलम ७: एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार यांत सारख्या सवलती. म्हणजे 'फक्त भारतीय' लिहायचं म्हटलं तरी नेपाळचा विचार करूनच लिहावं लागेल.

मिसळ_कट_वेगळा

थोडं अवांतर. राखीव काम म्हणाल तर आपल्या दारात १९६९ पासून आहे. माथाडी कायदा. नोंदणी असलेल्या हमालानेच गाडी भरायची-उतरवायची. आणि त्यावर वाराई वेगळी, जी गाडीवाल्याच्या माथी मारतात. माल व्यापाऱ्याचा, उतरवणार हमाल, पैसे ड्रायव्हरच्या भत्त्यातून. हे कुठल्या न्यायाचं?

ताडपत्री

माथाडी मंडळाला आणि वाराईला एका पोत्यात घालू नका. मंडळात मजुरी आणि लेव्ही मालक भरतो, त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस मिळतो. त्याआधी ५०-१०० किलोची गोणी पाठीवर वाहून माणूस चाळिशीत मोडायचा आणि हातात शून्य. वाराई ही मागाहून चिकटलेली गोचीड आहे. ती टाळायची तर बिल्टीवर 'भराई-उतराई-वाराई माल पाठवणार / घेणार यांच्याकडे' असं छापून घ्या आणि अॅडव्हान्स घेण्याआधी त्यावर सही घ्या. माल खाली करताना भांडून उपयोग नसतो, तोवर गाडी त्यांच्या फाटकाच्या आत असते.

मिसळ_कट_वेगळा

फरक पटला. वाराईवर राग कायम.

दहाटायर

मालकाच्या बंदीकडे येतो, कारण धाग्याचा जीव त्यात आहे. राखीव ठेवलं की दुसऱ्या दिवशी नावापुरते मालक उभे राहतात. झांबियाच्या २००६च्या कायद्यात कंपनीच्या पायऱ्याच आहेत: ५ ते २५ टक्के नागरिकांची मालकी, २५ ते ५०, आणि ५०.१ टक्क्यांच्या वर गेली की 'नागरिकांची कंपनी'. थायलंडमध्ये निम्मे शेअर परक्यांचे झाले की कंपनी परकी. म्हणून ४९ टक्क्यांवर थांबायचं आणि उरलेले ओळखीच्या थाई माणसांच्या नावावर. मेक्सिकोने तर पळवाट कायद्यातच ठेवलीये: मताचा हक्क नसलेल्या शेअरमधून परकी पैसा राखीव धंद्यातही येतो.

शेअरची यादी बघून काही कळत नाही. कळतं ते असं: गाडीच्या कर्जाला जामीन कोण? डिझेल कार्डाची मर्यादा कोण ठरवतो? जीपीएसचं लॉगिन कुणाकडे? गाडी बंद पडली तर टायर आणि क्लच प्लेटचं बिल कुणाच्या नावावर फाटतं? आणि सगळ्यात सोपं, गिऱ्हाइकाशी दर कोण बोलतो? आरसी आणि परमिट नागरिकाच्या नावावर आणि या पाचांची उत्तरं दुसरीकडे, तर तो मालक नाही, पगारी सही आहे.

पानेवाडी_टँकर

मनमाडच्या पानेवाडीत डेपो आहेत म्हणून एक उदाहरण. तेल कंपन्यांच्या टँकर वाहतुकीच्या निविदांत अनुसूचित जाती-जमातींसाठी हिस्सा राखीव असतो. म्हणजे भारतात रस्त्यावरच्या मालवाहतुकीत आरक्षण नाही, असं नाही. तिथेही दहाटायर म्हणतात तीच परीक्षा लागते. टँकरला परवाना, कॅलिब्रेशन, लॉकिंग, व्हीटीएस (गाडीचा माग ठेवणारी यंत्रणा), सगळं मिळून उभं करायला भांडवल मोठं लागतं. जागा राखीव ठेवली पण कर्ज राखीव ठेवलं नाही, तर जागा कागदावर एकाची आणि पैसा दुसऱ्याचा. झांबिया काय, नांदगाव तालुका काय.

द्राक्षबाग_दिंडोरी

एमएच-१५चा हट्ट करणाऱ्यांनी द्राक्षाचा कंटेनर बघावा. हंगामात ४० फुटी रीफर (थंड कंटेनर) रिकामा निघतो उरण-पनवेलच्या यार्डातून, दिंडोरी-पिंपळगावच्या पॅकहाऊसला येतो, प्री-कूल केलेली पॅलेट भरतात, तापमान शून्याच्या आसपास लावतात, जेनसेट चालू ठेवून गाडी परत न्हावा शेवाला. एक बाजू रिकामी हे गृहीतच आहे. ट्रेलर म्हणून कंटेनर जिथे मिळतो तिथलाच परवडतो, एमएच-४६ किंवा एमएच-४३. नाशिकने 'आमची पाटी हवी' म्हटलं तर एमएच-१५चा ट्रेलर आधी रिकामा पनवेलला जाणार, कंटेनर उचलून येणार, भरून जाणार आणि पुन्हा रिकामा येणार. दोनदा रिकामा. पनवेलवाल्यांनीही तोच हट्ट धरला तर हॉर्स बदलायला कसारा घाट आहेच.

निफाडची_थंडी

सापडला! माझा पाच किमीचा पल्ला सापडला. पण घाट नको म्हटलं होतं.

कसारा_घाट

ड्रायव्हरच्या बंदीवर कुणी बोललं नाही. दक्षिण आफ्रिकेत कायदेशीर परवाना असलेल्या परदेशी ड्रायव्हरलाही विरोध होतो. डर्बन-जोहान्सबर्ग एन-३ रस्त्यावर व्हॅन रीनन घाट २०२२ मध्ये गाड्या आडव्या लावून अडवला, जुलै २०२३ मध्ये तिथेच ट्रक जाळले. नुकसान कुणाचं? जळालेली गाडी स्थानिक मालकाची, माल स्थानिक कारखान्याचा.

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रक ड्रायव्हरांचे कामाचे व्हिसा थांबवले, आणि त्याआधी जूनपासून इंग्रजी येत नसेल तर गाडी रस्त्यावरच थांबवायला सुरुवात केली. फटका बसलेल्यांत आपले पंजाबी खूप. राखीव धंद्याच्या बाजूने बोलताना आपण कुंपणाच्या कोणत्या बाजूला असू, हे दरवेळी आपल्या हातात नसतं.

आपल्याकडे ही बंदी घालायला परदेशी ड्रायव्हर आहेत कुठे? इथे देशी मिळेनात म्हणून गाड्या उभ्या असतात.

हिशेबनीस

गोदाकाठ, तुमची खरी काळजी लहान मालकाची आहे. त्याच्यासाठी एक रेघ आपल्या कायद्यात आधीच आहे, दहा गाड्यांची. १९६१च्या आयकर कायद्यातलं ४४एई (एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, त्यात या कलमांचे आकडे वेगळे): वर्षात कधीही दहापेक्षा जास्त गाड्या नसतील तर वह्या ठेवायची सक्ती नाही. १२ टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न धरतात. २८ टनी गाडीचे महिना २८,०००, वर्षाचे ३ लाख ३६ हजार. तसंच १९४सी: दहा किंवा कमी गाड्यांचा मालक पॅनसह तसं लिहून देईल तर त्याच्या भाड्यातून टीडीएस कापायचा नाही. अनेकजण लिहून देत नाहीत आणि वर्षभर पैसे अडकवून ठेवतात.

तिसरं ४३बी(एच). उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. वाहतूक ही सेवा आहे, त्यामुळे गाडीवाला यात बसतो. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार-पॅनवर होते. मात्र बिल स्वतःच्या नावाने हवं. दलालाच्या बिलावर पळणाऱ्या गाडीला यातलं काही लागू नाही.

गोदाकाठ

वाचतोय सगळं. आता नेमकं मांडतो.

परदेशी गाडीने देशात माल उचलू नये, हे ठेवावं. परदेशी कंपनीला गोदाम, सॉफ्टवेअर, मोठे करार घेऊ द्यावेत. पण स्वतःच्या नावावर गाड्यांचा ताफा उभा करायला मर्यादा असावी. ताफा भाड्याचा असावा आणि तो दहा गाड्यांच्या रेघेखालच्या मालकांचा. जिल्ह्याची मागणी सोडून देतो. द्राक्षाच्या कंटेनरने तिचा निकाल लावला.

दहाटायर

उलटं होईल दादा. मोठ्या कंपनीला ताफा नकोच असतो. हप्ता, अपघात, टायर, ड्रायव्हर, सगळी डोकेदुखी लहान मालकाकडे राहू दे आणि दर आपल्या हातात राहू दे, हेच तिला हवंय. तुम्ही तिला तेच कायद्याने द्यायला निघालात. ताफा घेऊ द्या. तिला कळू दे चौदा टायरचा एक संच केवढ्याला पडतो.

सिन्नरकर

आणि दर पाडायला लागली तर? दोन वर्षं तोटा सोसेल, लहान मालक गाड्या विकतील, मग कमिशन वाढवेल. स्वस्त पैशाला तोटा सोसायची सवय असते.

दहाटायर

गाडी विकली तरी ती दुसरा लहान मालकच घेतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात कधी दुष्काळ बघितलाय? या धंद्यात शिरायला एक सही आणि फायनान्सवाला पुरतो. त्यामुळे मक्तेदारी बसत नाही, आणि त्यामुळेच भाडंही चढत नाही. मालकाला मारतो तो परदेशी नाही, उभी राहिलेली गाडी मारते. फाटकाबाहेर चोवीस तास, आत चोवीस तास, हॉल्टिंग (थांबण्याचं भाडं) शून्य.

मालेगावचा_भो

हॉल्टिंगचं बोललात ते बरं झालं. ते वसूल कसं करायचं ते कुणी सांगेल का? सगळे म्हणतात 'बघू', आणि बाकी देताना विसरतात.

बिल्टीबहाद्दर

करार होतानाच लिहून घ्यायचं: पोचल्यापासून किती तास मोफत, त्यानंतर दिवसाला किती. पोचल्याची वेळ कंपनीच्या फाटकावर रजिस्टरमध्ये नोंदवायची आणि त्या पानाचा फोटो, नाहीतर बिल्टीच्या मागे शिक्का व वेळ. सिक्युरिटी शिक्का देत नसेल तर जवळच्या वजनकाट्याची पावती काढा, तिच्यावर गाडी नंबर आणि वेळ छापून येते, आणि ती त्याच मिनिटाला ट्रान्सपोर्टवाल्याच्या मोबाइलवर टाका. माल खाली झाल्यावर पोच घेताना सुटण्याची वेळही लिहून घ्यायची. दोन वेळा कागदावर असतील तर भांडता येतं, तोंडी असतील तर नाही.

ई-वे बिलाकडे लक्ष असू द्या. २०० किमीला एक दिवस मिळतो. उभं राहून मुदत संपली तर दंड गाडीवर येतो. वाढवायची ती मुदत संपायच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत.

मालेगावचा_भो

ती वाढवतो कोण, ड्रायव्हर का?

बिल्टीबहाद्दर

बिलावर ज्या ट्रान्सपोर्टरचं नाव आहे तो. नाव टाकलंच नसेल तर ज्याने बिल काढलं तो. गाडी निघायच्या आधीच नंबर घेऊन ठेवा, रात्री दोनला कुणी फोन उचलत नाही.